आधी नाडी की आधी नोंद?

मुंबईतल्या महापालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक जाडजूड रजिस्टर असते. ईपीआर, म्हणजे इमर्जन्सी पोलीस रजिस्टर. अपघात, मारामारी, विषप्राशन, भाजणे, लोकलमधून पडणे, यातले काहीही असले की रुग्णाचे नाव त्यात चढते आणि मिळालेला क्रमांक केस पेपरपासून प्रसंगी शवागारापर्यंत त्याच्या मागे जातो. नोंद करणारा डॉक्टर म्हणजे सीएमओ, कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर. त्याच्या एका हातात रुग्णाचे मनगट, दुसऱ्यात पेन. यातला कुठला हात आधी चालवायचा, हा वाद या शहरात पावणेदोनशे वर्षे मुरला आहे.

३ जानेवारी १८४३ रोजी भायखळ्याला सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाची कोनशिला बसली. जमशेटजींनी १ लाख रुपये दिले, तेवढीच भर कंपनी सरकारने घातली. १८४५ मध्ये शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. रुग्णालयात जायचे ते गोरगरिबांनी, असा तो काळ. ऐपतदाराच्या घरी डॉक्टर नाहीतर वैद्य-हकीम स्वतः येई. तातडीचा रुग्ण आला तर त्याच्यासाठी वेगळा विभाग, वेगळा डॉक्टर असा काही विचारच नव्हता. जो हजर असेल तो पाही.

मग शहरात हाडे मोडणारी यंत्रे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या तीन वर्षांत पहिली कापडगिरणी उभी राहून चालूही झाली. पट्ट्यात अडकलेला हात, रुळांवर गेलेला पाय, गोदीत डोक्यावर पडलेली गाठ या नव्या जातीच्या जखमा होत्या. तापाचा रुग्ण उद्या आला तरी चालतो. या रुग्णांना उद्या नव्हता. शिवाय अशा प्रत्येक जखमेमागे एक प्रश्न येई: दोष कोणाचा? म्हणजे दवाखान्यात रुग्णाच्या मागोमाग पोलीसही आला.

या चौकशीला कायद्याची चौकट मिळाली १८७१ च्या कोरोनर्स ॲक्टने. मुंबई, कलकत्ता अशा इलाखा शहरांपुरता हा कायदा होता. अनैसर्गिक मृत्यू झाला की कोरोनरने चौकशी करायची, ज्युरी बसवायची, डॉक्टरला साक्षीला बोलवायचे. बाकी मुलखात पोलिसाने पंचनामा केला की भागत असे. मुंबईत मात्र हे स्वतंत्र न्यायासन होते, आणि ते १९९९ पर्यंत टिकले. सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबईच्या डॉक्टरांच्या पिढ्या या धाकात वाढल्या की आपण काय केले यापेक्षा आपण काय लिहिले ते उद्या विचारले जाईल. हा धाक सगळाच वाईट नव्हता. त्यामुळे जखमेची लांबी-रुंदी, रुग्णाला कोणी आणले, किती वाजता आणले, हे टिपून ठेवायची शिस्त लागली. पण रात्री दोन वाजता शिस्त आणि भीती यांतला फरक ओळखायला अनुभव लागतो, आणि कॅज्युअल्टीत नेमका अनुभवी माणूसच नसे.

याचे कारण रुग्णालयांच्या रचनेत होते. मुंबईच्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत दीर्घकाळ ऑनररींची पद्धत होती. नामांकित सर्जन-फिजिशियन सकाळी मानद सेवा म्हणून येत, शिष्यांच्या ताफ्यासह वॉर्डाचा राउंड घेत, शस्त्रक्रिया करत आणि दुपारनंतर आपापल्या खासगी दवाखान्यांकडे वळत. रात्र हाउसमन आणि रजिस्ट्रार या शिकाऊ निवासी डॉक्टरांच्या वाट्याची. कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरने रुग्ण पाहायचा, कुणाचा आहे ते ठरवायचे आणि कॉल बुक पाठवायचे. कॉल बुक म्हणजे निरोपाची वही. वॉर्डबॉय ती घेऊन जिने चढे, झोपलेल्या किंवा ऑपरेशन थिएटरात अडकलेल्या हाउसमनला गाठे आणि त्याची सही आणे. रुग्णाची प्रकृती तोवर कॉल बुकाच्या चालीने चाले.

१९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले. देणगीदारांची अट होती की इथले डॉक्टर-अध्यापक भारतीयच असावेत. ब्रिटिश अमदानीत ही अट घालायला छाती लागते. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. केईएमची जागाही बोलकी होती: चहूबाजूंनी गिरण्या, चाळी, रेल्वेचे कारखाने आणि यार्डे. गिरणगावाने या रुग्णालयाला आपले मानले ते राउंड घेणाऱ्या बड्या डॉक्टरांमुळे जितके, तितकेच रात्रभर उघड्या असलेल्या दरवाजामुळे.

१४ एप्रिल १९४४. दुपारचे चार वाजून गेले होते. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. कापसाला आग लागली होती, बंबवाले झुंजत होते, आणि जहाज फुटले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा सांगितला जातो, जखमींची संख्या त्याहून बरीच जास्त होती. ट्रक, हातगाडी, घोडागाडी, जे मिळेल त्यातून माणसे आणली गेली. अशा दिवशी रजिस्टर आपोआप मागे पडते. नाव विचारायला रुग्ण शुद्धीवर नसतो आणि लिहायला हात मोकळा नसतो.

ढिगाने जखमी आले तर कोणाला आधी पाहायचे, याचे उत्तर युरोपच्या रणांगणावर कधीच मिळाले होते. नेपोलियनचा शल्यवैद्य दोमिनिक लारे याने हुद्दा पाहून नव्हे तर जखम पाहून क्रम लावला आणि जखमींना रणांगणावरूनच उचलून आणणाऱ्या वेगवान घोडागाड्या तयार केल्या. पण युद्ध संपले की ही रीत सैन्यापुरती राही. नागरी रुग्णालयांना जाग यायला दीड शतक लागले, तेही साहेबाच्या देशात. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रुग्णालयात मॉरिस एलिस यांची १९५२ मध्ये कॅज्युअल्टीचे पूर्णवेळ वरिष्ठ डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. १९६२ च्या प्लॅट समितीने या विभागांना वरिष्ठ देखरेख हवी असे सुचवले. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९७० मध्ये या विषयाचे पहिले पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्याला स्वतंत्र शाखेचा मान मिळाला. तोवर तिथेही कॅज्युअल्टी म्हणजे नवख्यांनी हात साफ करून घ्यायची जागा होती. तेव्हा मुंबई फार मागे होती असे म्हणता येत नाही. मागे पडली ती त्यानंतर.

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला दोन वास विचारावेत. पहिला ढेकणांच्या औषधाचा. टिक-२० घरोघरी असे, आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरापासून सासरी गांजलेल्या सुनेपर्यंत अनेकांच्या हाती तेच लागे. ऑर्गेनोफॉस्फरस जातीचे विष. रुग्ण आला की तोंडाला लाळ, अंगाला घाम, छातीत घुरघुर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाकातून नळी घालून पोट धुवायचे आणि ॲट्रोपिन सुरू करायचे. ॲट्रोपिनची एक कुपी ०.६ मिलिग्रॅमची, सिस्टर एकामागून एक कुप्या फोडत जाई आणि ट्रेमध्ये काचांचा ढीग पडे. छाती कोरडी होईपर्यंत, नाडी वाढेपर्यंत थांबायचे नाही. जास्त झाले तर रुग्ण बरळू लागतो, हवेतून दोरे ओढू लागतो. कमी पडले तर स्वतःच्याच लाळेत बुडतो. ही रेघ पुस्तकात सापडत नाही. रात्रभर दर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावूनच ती सापडते, आणि ती शोधणारा बहुधा पंचविशीतला हाउसमन असे.

मात्र पहिल्या धुण्याचे पाणी फेकायचे नाही. ते बाटलीत भरून, लाखेने सील करून, लेबल लावून पोलिसाच्या हवाली करायचे. ते कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाणार. म्हणजे जीव वाचवायच्या पहिल्या पाच मिनिटांतच पुराव्याची तजवीज आलीच.

दुसरा वास रॉकेलचा. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य त्या काळात इतक्या केस पेपरांवर लिहिले गेले की डॉक्टर-पोलीस दोघेही ते डोळे मिटून लिहीत. किती टक्के भाजले हे नऊच्या नियमाने मोजायचे: डोके ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८. ऐंशीच्या वर बेरीज गेली तर डॉक्टरला पुढचे कळलेले असे. बाई मात्र शुद्धीत असे, बोलत असे, पाणी मागत असे. आणि तिच्याभोवती तिचेच सासरचे लोक उभे असत. तिचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकारी येई आणि बाई जबाब देण्याच्या अवस्थेत आहे की नाही, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने कागदावर लिहून द्यायचे. भारतीय दंड विधानात ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आणि हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम १९८६ मध्ये आले, तेव्हापासून या एका शेऱ्यावर खटले उभे राहू आणि कोसळू लागले. अखेर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये सांगितले की जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री पटलेली असेल तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब निकामी ठरत नाही. कॅज्युअल्टीतल्या कनिष्ठ डॉक्टरांच्या डोक्यावरचे एक ओझे त्या दिवशी थोडे हलके झाले.

शहराबाहेर चित्र वेगळे होते. तिथे कॅज्युअल्टीच नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एकटा डॉक्टर. १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीत रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागले. कोकणातला लाल विंचू म्हणजे साधे प्रकरण नव्हे. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस. दाखल झालेल्या गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत, त्यांत मुले जास्त. बावस्करांनी काय केले? ते रुग्णाच्या उशाशी बसले. तासातासाला रक्तदाब, नाडी, श्वास टिपत राहिले आणि विष हृदयावर नेमके कसे घाला घालते याचा माग काढला. त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग पुढे आला, आणि मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात उतरले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने महाडच्या पत्त्यावरून आलेले संशोधन छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोंद कशासाठी करायची, याचे बावस्करांच्या वहीपेक्षा चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही. तीही नोंदच होती, पण ती कोर्टासाठी नव्हती, पुढच्या रुग्णासाठी होती.

शहरात मात्र नोंदीचा आजार बळावत गेला. ‘ही पोलीस केस आहे, सरकारी रुग्णालयात न्या,’ हे वाक्य खासगी नर्सिंग होमच्या दारात न ऐकलेला माणूस विरळा. साक्षीला कोण जाणार, पोलीस ठाण्याच्या खेपा कोण घालणार, या भीतीने वाहत्या रक्ताकडे पाठ फिरवली जाई. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. रस्त्यावरच्या एका माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी २० किलोमीटरवरच्या, पोलीस केस घेण्याचा अधिकार असलेल्या रुग्णालयाकडे बोट दाखवले आणि वाटेतच तो गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ चा निकाल सांगतो की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि कुठलाही कायदा, कुठलीही पोलिसी औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. नाडी आधी, नोंद नंतर, असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने लिहून दिले. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असावी अशी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, यातच सगळे आले.

पण नुसता निकाल लागून खाटा वाढत नाहीत. १९९२ मध्ये बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून एकामागून एक परत पाठवले आणि शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पदरमोड करावी लागली. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देववली आणि तातडीचे उपचार न मिळणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असे ठरवले.

मुंबईला रेल्वेतून पडण्याचे काय सांगावे! रोज काही माणसे रुळांवर मरतात, हे या शहराने पावसाप्रमाणे गृहीत धरलेले. जखमीला हलवायचे तर स्टेशनमास्तरचा मेमो, रेल्वे पोलीस, स्ट्रेचर उचलायला हमाल, ही साखळी जुळेपर्यंत तो फलाटावरच पडलेला. मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी कान उपटल्यावर स्थानकांवर रुग्णवाहिका आणि तातडीचे वैद्यकीय कक्ष येऊ लागले. या जखमींचा मोठा लोंढा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने झेलला. १९४७ मध्ये लष्कराच्या रिकाम्या बराकींत ५० खाटांवर सुरू झालेले हे रुग्णालय शहराच्या वेशीवर, महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या बेचक्यात होते. अपघातविभाग भक्कम करण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हते. देशातल्या सुरुवातीच्या ट्रॉमा सेवांत त्याचे नाव येते ते त्यामुळे.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. १८९ माणसे मेली, आठशेहून अधिक जखमी झाली. रुळांशेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींची झोळी करून जखमींना टेम्पो-रिक्षांत घातले. स्टेशनमास्तरच्या मेमोची वाट कोणी पाहिली नाही. शीव, केईएम, कूपर, भाभा, भगवती या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत त्या रात्री वॉर्डातले, सुट्टीवरचे, घरी गेलेले डॉक्टर आपणहून आले. स्फोटाच्या जखमा फसव्या असतात. बाहेरून खरचटलेला दिसणारा माणूस ‘काय म्हणालात?’ असे पुन्हापुन्हा विचारू लागला की त्याचे कानाचे पडदे फाटलेत हे ओळखायचे, आणि फुप्फुसावर, आतड्यावर लक्ष ठेवायचे. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी ज्यांना हे शिकवले होते त्यांतले काही तोवर प्राध्यापक झाले होते.

आणि तरीही, तोवर भारतात तातडीच्या वैद्यकीचा स्वतंत्र तज्ज्ञ नावाचा प्राणी अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये वर्षातले १५ दिवस कॅज्युअल्टीला, झाले शिक्षण. भारतीय वैद्यक परिषदेने इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये, लीड्सच्या नेमणुकीनंतर ५७ वर्षांनी. त्यानंतर एमडीच्या जागा हळूहळू निघाल्या. जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा आली: ९३७ रुग्णवाहिका, आणि प्रत्येकीत डॉक्टर. तोवर रुग्णवाहिका म्हणजे बहुधा नुसती आडवे नेणारी गाडी असे.

डॉक्टर दारात आला तसा लोकांचा रागही दारातच त्याला गाठू लागला. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचा सर्जन तिथे नव्हता. दुसरीकडे न्या असे सांगणाऱ्या अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतके मारले की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने रुग्णालयांसाठी १,१०० सुरक्षारक्षक कबूल केले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून होता. मेंदूचा सर्जन नसणे हा त्या निवासी डॉक्टरचा गुन्हा नव्हता. पण पद रिकामे ठेवणारा कुणी कॅज्युअल्टीत उभा नसतो, निवासी डॉक्टर उभा असतो. व्यवस्थेतल्या प्रत्येक कमतरतेचा हिशेब सर्वांत तरुण माणसाकडून वसूल करण्याची ही रीत ऑनररींच्या काळापासून चालत आली आहे, आणि रक्षक वाढवून ती मोडणार नाही. त्या दारात वरिष्ठ डॉक्टर, रिकामी खाट आणि चालू सीटी स्कॅन लागेल.

वाचकाच्या हाती यातले थोडेच आहे, पण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १३४-अ हे कलम आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम निघाले. रस्त्यावरच्या जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या माणसाला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला अडवून ठेवता येत नाही, आणि मनात नसेल तर साक्षीदारही व्हावे लागत नाही. हे हक्क लिहिलेला फलक प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे इथे मराठीत, लावायचा आहे. आपल्या जवळच्या रुग्णालयात तो आहे का, ते पुढच्या खेपेला बघा. नसेल तर मागा.